रविवारची गोळी

"संबोधी, पेपरमध्ये एक वाक्य तर घालायचंय. त्याला एवढा तमाशा कशाला?" माझे पीएचडीचे गाइड श्रीपाद सर म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वाक्य असं होतं : रुग्णाने बेपर्वाईने औषध अर्धवट घेतले.

रुग्ण म्हणजे माझे बाबा, धोंडिबा. तेवीस वर्षं मिलच्या कताई खात्यात काढली. मिल बंद व्हायच्या थोडं आधी त्यांना क्षय झाला. औषधांना न जुमानणारा तो जंतू त्यांच्या थुंकीतून काढून गेली चार वर्षं मी लॅबमध्ये वाढवत होते. माझी सगळी पीएचडी त्याच्यावर. प्रत्येक जंतूच्या पातळ पडद्यात एक पंप असतो. औषध आत आलं रे आलं की तो उचलून बाहेर फेकतो, मिलच्या गेटवरचा दरवान संपवाल्यांना बखोटीला धरून काढायचा ना, तस्सा. साध्या जंतूत हा पंप सुस्त असतो. माझ्या जंतूतला क्षणभरही थांबत नव्हता. आणि माझं म्हणणं हे, की रोज न चुकता औषध घेतलेल्या माणसातसुद्धा पंप असा माजू शकतो. कोणी म्हटलं नव्हतं हे. बाहेरदेशातलं एक मासिक पेपर छापायला तयार होतं, फक्त विचारत होतं की रुग्णाने औषध रोज घेतलं याला पुरावा काय?

"पुरावा नाही ना? मग कबूल करून टाकू आणि तो दावा काढू," सर म्हणाले. "पंपाचं काम चांगलंच आहे, तेवढं छापून येईल. ये लोग दोन महिने गोळ्या खातात, बरं वाटलं की सोडतात. सबको पता है."

"ये लोग म्हणजे कोण, सर?"

सर चष्मा पुसायला लागले.

अरे वा! मिलला टाळं लावणारे शहाणे, तिच्या जमिनीवर गाड्यांच्या शोरूमचे नकाशे काढणारे शहाणे, आणि बेपर्वा कोण, तर माझा बाप! मी सरांना सांगितलं, माझ्याकडे पुरावा आहे. लग्न होऊन मी अन्नपूर्णा भागात राहायला गेले होते, पण बाबांच्या औषधाचे ते नऊ महिने एकही रविवार मी छत्रीबागेतलं त्यांचं घर चुकवलं नाही. गेले की आधी गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजायची. मग बाबांनी काचेच्या बाटलीत धरून ठेवलेली लघवी उजेडात बघायची. क्षयाच्या एका औषधाने लघवी लालसर होते. लाल असली म्हणजे गोळी पोटात गेली, बात खतम. आपल्या पोरीला असली बाटली दाखवताना बाबा भिंतीकडे बघत. मी डोळ्यांत तेल घालून बघायची. बायोकेमिस्ट होते ना मी!

"मग वडिलांकडून तसं लिहून आण," सर म्हणाले. "सही हवी."

त्याच दुपारी मी कागद टाइप करून घेतला आणि टेम्पो पकडून तरातरा छत्रीबागेत पोचले.

बाबा दारात बसले होते. "आज बुधवार," ते दचकून म्हणाले. "तू कशी?"

गोळ्यांनी गुण आला नाही तेव्हा पुढे दीड वर्ष टोचलेल्या सुयांनी बाबा वाचले, पण दोन्ही कान जवळजवळ गेले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. म्हणजे आमच्या घरातली कुठलीच गोष्ट गल्लीपासून लपत नाही. मी ओरडून सगळं सांगितलं आणि कागद पुढे केला. "मी नऊ महिने रोज, एकही दिवस न चुकवता औषध घेतले. करा सही."

त्यांनी कागद वाचला. परत वाचला. घडी घालून माझ्या हातात दिला.

"नाही करणार."

"का?"

"खोटं आहे."

मला वाटलं, यांना ऐकू नाही आलं. मी परत ओरडले. ते म्हणाले, "ऐकलं मी. मिल बंद करताना मॅनेजर कागद घेऊन आला होता, राजीखुशीने नोकरी सोडतो म्हणून. शंभरांनी सह्या केल्या. मी नाही केली. आता तुझ्यासाठी करू?"

"पण मी पाकिटं मोजलीत, बाबा! रिकामी होती!"

"रिकामी होतीच. अर्ध्या गोळ्या तुकोजीने खाल्ल्या."

तुकोजीकाका बाबांचा जोडीदार. दोघं एकाच मशीनवर. बाबा कायम, तुकोजीकाका बदली कामगार, म्हणजे कोणी गैरहजर असेल तरच त्यांना काम. मंदीत कायमवाले आपल्या बदलीवाल्याला एक दिवस आड आपली पाळी द्यायचे, दोन्ही घरच्या चुली पेटाव्यात म्हणून. हे कुठल्या नियमात नव्हतं. बस, चालायचं. मिल बंद झाली तेव्हा बाबांचं आजारपण आधीच नोंदलेलं होतं, म्हणून त्यांचं कामगार दवाखान्याचं, फुकट औषधाचं कार्ड चालू राहिलं. तुकोजीकाकांचं त्याच दिवशी रद्द. आणि मिल बंद झाल्यावर तिसऱ्या महिन्यात त्यांच्याही खोकल्यातून रक्त पडलं.

"सरकारी दवाखान्यात तीनदा गेला," बाबा म्हणाले. "औषध आलं नाही, पुढच्या महिन्यात या. माणूस रक्त ओकतोय आणि पुढच्या महिन्यात या! मग आम्ही पाळी लावली. एक दिवस मी, एक दिवस तो."

माझं डोकं सणकलं. "अहो, पाळी? औषधाची पाळी? रोजची गोळी एक दिवस आड घेतली की जंतू मरत नाही, तालीम करतो! तो पंप माजतो कशानं, माहितीये? असल्या अर्धवट औषधानंच! तुम्ही दोघांनी मिळून पोसलाय तो! चार वर्षं मी बघतेय आणि मला एक शब्द नाही?"

समोरच्या ओट्यावरच्या बायका गप्प झाल्या. होऊ देत.

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस," बाबा म्हणाले.

केलं असतं. लगेच केलं असतं, आणि तुकोजीकाकांना हात जोडून दाराबाहेर काढलं असतं. पंच्याण्णव साली ते गेले तेव्हा गल्लीने म्हटलं, पिऊन पिऊन मेला. मीही म्हटलं होतं. मला सरांचं ते ‘ये लोग’ आठवलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"पण लघवी?" मी म्हटलं. "दर रविवारी लाल असायची. दर रविवारी!"

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. असे ते फक्त ती बाटली दाखवताना बसायचे.

"तू रविवारी येणार, बाटली बघणार. म्हणून तुकोजीच म्हणाला, धोंडिबा, रविवार तू घे, पोरगी रागावेल. मग रवि, मंगळ, गुरू, शनी माझे. सोम, बुध, शुक्र त्याचे." मग ते म्हणाले, "माझे चार झाले, त्याचे तीन. मी वाचलो."

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. एका गोळीने माणूस मरत नाही की वाचत नाही, हे मी शिकले होते. ते बाबांना ओरडून सांगावंसं वाटलं.

मग टाइप केलेला कागद फाडला. वहीतला कोरा कागद काढला, मांडीवर ठेवला आणि लिहायला लागले. एका माणसाचे औषध दोघांनी घेतले, कारण दुसऱ्याचे कार्ड रद्द केले होते. दुसऱ्याचे नाव तुकोजी. माझा दावा खोटा ठरला, ठरू दे. पण ‘बेपर्वाईने’ छापायचं असेल, तर सरांना आधी हे छापावं लागेल.

बाबांनी वाचलं. पेन घेतलं, सहीच्या जागी टेकवलं आणि तसंच थांबले.

"अजून एक लिही."

"काय?"

"पाळी सरळ एक दिवस आड लावली असती, तर एक आड एक रविवार त्याचा होता."

मी लिहिलं. मग त्यांनी सही केली.