बारक्याने पळवलेली सीट

मी एक जुनी सीट आहे. सायकलची, कातडी, तपकिरी, टोकाशी थोडी झिजलेली. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझं डोकं तापलेलं आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूंनी गोड बोलावं म्हणे. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल बोलावं. तुमच्यावर कुणी वर्षानुवर्षं बसलं आणि वर स्वतःच्या दुखण्याचं खापर तुमच्याच माथी फोडलं, तर तुमच्या तोंडून काय साखर सांडणार आहे?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड कातडं पाण्यात भिजवून साच्यावर ताणलं, वाळवलं, कडा तासल्या आणि रिव्हेट ठोकून मला लोखंडी चौकटीवर बसवलं. नवी असताना मी पाटासारखी टणक होते. ताईने मला विकत घेतलं, तो पहिला उन्हाळा आम्हा दोघींनाही जड गेला. मी तिला बोचत होते आणि ती मला. मग हळूहळू मी तिच्या हाडांच्या मापाने खोलगट झाले आणि कुरकुर थांबली. एकदा सायकल दुरुस्तीवाल्याने माझ्यावर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाला, "ताई, सायकल विकलीत तरी चालेल, ही सीट विकू नका." पुढे कितीतरी दिवस मी हवेत होते.

ताई म्हणजे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरची शिंपीण. सगळी गल्ली तिला ताई म्हणते, म्हणून मीही म्हणते. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याचा खांदा कुठल्या बाजूला उतरता आहे हे ती टेप न लावता सांगते. स्वतःच्या अंगाचं मात्र तिला काडीचं कळत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिचा धाकटा भाऊ छापखान्यात काम करतो. घरात त्याला बारक्या म्हणतात. गडी दारातून वाकून आत येतो, पण नाव पडलं ते पडलं. दर वर्षी ही दोघं भावंडं गावाबाहेरचा घाट सायकलवर चढून पलीकडे उतरत. गेल्या वर्षी उतारावरच्या एका वळणावर सांडलेल्या खडीवरून बारक्याचं चाक सटकलं आणि तो खुब्यावर आपटला. ऑपरेशन झालं, मग काठी आली, मग व्यायाम शिकवणारे डॉक्टर आले. हाड सांधलं, पण भीती काही जाईना. त्याने सायकल भिंतीकडे तोंड करून टांगून ठेवली.

एके दिवशी तो दुकानात येऊन म्हणाला, "ताई, मी सायकल विकतोय."

ताईने मशीन थांबवलं. "एकदा घाट उतर. मग काय विकायचं ते वीक."

"तू पुढे असशील तर उतरेन. तू पुढे नसलीस तर माथ्यावरच विकली समज."

"असेन मी पुढे," ताई म्हणाली.

झालं! इथून माझ्या हालांना सुरुवात झाली. भाऊ मागे हटू नये म्हणून बहीण पेटली. सकाळी उजाडायच्या आत चढ, संध्याकाळी दुकान बंद करून पुन्हा चढ. मधल्या वेळात दिवसभर मशीनचं पायडल. एक दिवस तरी सोडावा की नाही? नाव नको! पाऊस असला तरी बाहेर, आणि परत आल्यावर मला ओलीचिंब तशीच भिंतीला टेकवून कपडे कापायला बसायची. जेवण म्हणाल तर उभ्या उभ्या दोन घास. झोप म्हणाल तर गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांनी खाल्लेली.

आणि मग व्हायचं तेच झालं. पाय जड पडू लागले. ज्या चढावर ती गाणं म्हणायची, तिथे धापा टाकू लागली. वेग कमी झाला, तसा तिने सराव वाढवला. सराव वाढवला, तसा वेग आणखी कमी झाला. मी खालून ओरडत होते, अगं बाई, ताकद सायकलवर बसून नाही वाढत, सायकलवरून उतरून झोपलीस की वाढते! पण सीटला तोंड असतं तर अजून काय हवं होतं?

ताईला झोपेची गरज आहे हे सोडून बाकी सगळे सल्ले तिला मिळाले. गल्लीत सल्ला फुकट मिळतो, हवा तेवढा. व्यायामशाळेचा मालक पँट घट्ट करायला आला आणि म्हणाला, "सीट कडक आहे हो तुमची. वर जेल भरलेलं मऊ कव्हर घाला." तिने घातलं. त्या बुळबुळीत टोपड्याखाली माझा जीव गुदमरला, आणि त्या गिळगिळीत गादीवर ती आणखीच घसरू लागली. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, त्यांच्या पुतण्याची सीट उंच आहे आणि तो वाऱ्यासारखा पळतो. ताईने लगेच मला वर चढवलं. आता पाय पोचेनात. प्रत्येक पायडलला ती डावीकडे झुकायची, उजवीकडे झुकायची, आणि गुडघ्याच्या मागची शीर ओढली जायची. रात्री गुडघा शेकताना म्हणायची, "ही सीटच मेली जुनी झालीय."

ऐकलंत? आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! संतापाने माझा एकेक रिव्हेट तापला. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि मी बिचारी ते अंगण.

ठरलेल्या दिवशी दोघं निघाली. आदल्या दिवशी तरी ती गप्प बसेल असं मला वाटलं होतं, पण बाईसाहेब "पाय मोकळे करायला" म्हणून अर्धा घाट चढून आल्या होत्या. बारक्या मात्र डॉक्टरांच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. थोडं चालवायचं, मग आराम. पुन्हा थोडं, पुन्हा आराम. तो हळू पण एकसारखा चढत होता. ताई पहिल्या वळणापर्यंत पुढे होती, दुसऱ्यापर्यंत बरोबर होती, आणि मग मागे पडली, बारक्या पुढच्या वळणाआड दिसेनासा झाला. माझ्यावर तिचं सगळं वजन आलं. पायांत काही उरलंच नव्हतं. शेवटी ती उतरली आणि कठड्यावर बसून रडू लागली. दुखत होतं म्हणून नाही. राग आला होता म्हणून.

बारक्या वळून सायकल ढकलत खाली आला. "काय झालं?"

"तू जा वर. मी येते."

"तुझ्याशिवाय वर जाऊन काय करू? उतरणार थोडाच आहे मी."

"एवढे महिने मी घाम गाळला, बारक्या! एक दिवस सुट्टी घेतली नाही!"

"तेच तर म्हणतोय," बारक्या म्हणाला. "डोळे बघ आरशात. आजारी दिसतेस."

घाट न ओलांडता दोघं सायकली ढकलत परत आली. माझा इतका अपमान कधी झाला नव्हता. मनात म्हटलं, आता बारक्या सायकल विकणार आणि ही मला भंगारात देणार.

पण दुकानाशी पोचल्यावर बारक्याने खिशातून पाना काढला, बोल्ट सैल केला आणि मला दांडीसकट उपटून काखोटीला मारलं.

"ए! काय करतोस?" ताई ओरडली.

"सीट माझ्याकडे राहील. आठ दिवसांनी दोघं पुन्हा जाऊ."

"आणि आठ दिवस मी सायकल कशी चालवू?"

"उभ्याने चालव," बारक्या म्हणाला आणि गेला.

अशी मी चोरीला गेले. त्याने मला खिडकीपाशी ठेवलं, जेलचं टोपडं कचऱ्यात टाकलं, कातड्याला मेण चोळलं. किती वर्षांनी कुणी मला असं हातात घेतलं होतं! त्या खोलीतून मी त्याचे दिवसही पाहिले. तो व्यायाम करायचा आणि मग खरोखरच आडवा पडायचा. काही न करता. छताकडे बघत. त्यातही काम आहे हे मला तेव्हा कळलं, आणि ताईवरचा माझा राग दुप्पट झाला. कारण हे तिला सहज जमलं असतं. पण कधी कधी तो टांगलेल्या सायकलपाशी जाऊन ब्रेक दाबून बघायचा आणि हात मागे घ्यायचा. ते पाहिलं की मला वाटायचं, हा काही उतरत नाही.

तिसऱ्या दुपारी ताई भांडायला आली. "माझी सीट दे. पाय आखडले माझे!"

बारक्या अंघोळीला निघाला होता. "बस, आलोच," म्हणाला. ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. माझ्याकडे रागाने पाहिलं, मीही तिच्याकडे रागाने पाहिलं. मग तिची मान कलली. बारक्या बाहेर आला तर ही गाढ झोपलेली, तोंड उघडं. त्याने तिच्या पायांखाली स्टूल सरकवलं आणि दार लोटून घेतलं. ऊन भिंतीवरून सरकून गेलं तरी तिला जाग आली नाही. उठली तेव्हा म्हणाली, "भूक लागलीय रे खूप." भाऊ-बहीण पोटभर जेवली. सीटचं नावसुद्धा न काढता ती घरी गेली. बाकीचे दिवस तिने दुकानाला रोज वेळेवर कुलूप लावलं म्हणे.

आठ दिवसांनी बारक्याने मला परत बसवलं. उंचीसाठी त्याने गल्लीत कुणाला विचारलं नाही. ताईला बसवलं, पायडल खाली आणून त्यावर टाच ठेवायला सांगितली, आणि गुडघा जेमतेम सरळ होईल तिथे बोल्ट आवळला. "हे तुझं माप," तो म्हणाला. "काकूंच्या पुतण्याचं नाही."

घाट चढताना मला पहिल्यांदा वाटलं की वर कुणी वेगळंच बसलंय. डोलणं नाही, घसरणं नाही. माथ्यावर ताई उतरली तेव्हा तिचा चेहरा लाल होता, पण डोळे हसत होते. बारक्याचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"माझ्या मागच्या चाकाकडे बघ," ती म्हणाली. "मी सांगेन तेव्हा ब्रेक दाब."

आणि मग ती बोलत सुटली. "आता डावं वळण. सावकाश. कडेला ओलं आहे, मध्ये ये. शाब्बास! मागून ट्रक येतोय, जाऊ दे त्याला." प्रत्येक वळणावर तिचा आवाज खणखणीत. जिथे तो पडला होता तिथे बारक्या थांबला. पायडलवर पाय चढेना.

"मी चालत उतरतो, ताई."

"चाल की. मी तुझ्यापुढे चालते."

ती उतरली आणि सायकल ढकलत पुढे चालू लागली. बोलणं चालूच होतं, दुकानात आलेल्या कुठल्याशा नवरदेवाच्या पोटाबद्दल काहीतरी. बारक्याला हसू फुटलं. चार पावलं चालला आणि टांग टाकून बसला. तीही बसली. खाली पुलापर्यंत दोघं थांबली नाहीत.

पुलावर बारक्याने तिच्या पाठीवर थाप मारली. "सगळा रस्ता बडबडत होतीस!"

"मग?" ताई म्हणाली. "या वेळी दम उरला होता ना अंगात."

मित्रांनो, एवढं एक वाक्य ऐकायला मला किती बोचकारे, किती टोपडी, किती शिव्या सोसाव्या लागल्या! तुमची सीट तुमच्या मापाची ठेवा, तिला ओली टाकू नका, आणि शेजारच्या काकूंना विचारू नका. आणि ज्या दिवशी अंग नको म्हणेल, त्या दिवशी सायकल भिंतीला टेकवून खुशाल झोपा. दमलेल्या माणसाकडे दुसऱ्याला धीर द्यायला श्वास उरत नाही. आणि बारक्याला त्या वळणावर ताईच्या बडबडीशिवाय आणखी कशाची गरज नव्हती.