एकही दोष न काढता

हुबळीच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत रविवारची शाळा हेमावतीअक्का घेत. सोनालीची आईसुद्धा लहानपणी त्यांच्याच वर्गात होती. अक्कांचे गुडघे दुखायला लागल्यावर मदतीला उत्तरा आली. ती मिरजेची, लग्नानंतर धारवाडला मळमड्डीत राहायला आलेली.

त्या रविवारी सोनालीनं उत्तराला विचारलं, "मत्तयात तीर्पु करू नका म्हणलंय, योहानात बरोबर तीर्पु करा म्हणलंय. मग करायचा की नाही?"

सोनालीची शाळा कन्नड, बायबलही कन्नड. तीर्पु म्हणजे निवाडा. हा प्रश्न अक्कांनाही पूर्वी मुलांनी विचारला होता. मोठे झालात की कळेल, असं त्या सांगत.

उत्तरा म्हणाली, "मराठीत बघ. एकीकडं दोष काढू नका, दुसरीकडं न्याय करा. दोष काढणारा नुसतं वाईट शोधतो. न्याय करणाऱ्याला चांगलंही बोलावं लागतं, जिवावर आलं तरी."

"मग माझी थोरली बहीण दोष काढते."

"आणि तू?"

"मी न्याय!"

वर्ग हसला. दारात चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या हेमावतीअक्का हसल्या नाहीत. त्यांच्या वर्गात मुलं गप्प बसत.

उपासना सुटल्यावर पाळक संजीव यांनी त्यांना अंगणात गाठलं. "शाळा आता उत्तराकडं द्यावी म्हणतो. तुम्ही तिला जवळून बघता. कशी आहे?"

वेळेवर येते, तयारी करून येते, मुलांना आवडते. सगळं अक्कांच्या ओठांवर आलं. मग वर्गातलं ते हसू आठवलं.

"मी कोण सांगणार, पाळकसाहेब? कुणाचे दोष काढू नयेत," असं म्हणून त्यांनी उसासा टाकला.

पाळकांचा चेहरा बदलला. "काही आहे का?"

"मी काही बोलले का?"

त्या दुपारी अक्कांनी पुन्हा भात वाढून घेतला.

पुढच्या रविवारी पाळकांनी जाहीर केलं, शाळा अक्कांकडंच राहील. उत्तरा जिन्यात भेटली.

"पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही माझा एकही दोष काढला नाही. एखादा काढायचा होता, अक्का. सुधारला तरी असता."

वर्गात सोनाली पुढंच बसली होती. "उत्तराताईंनी काय केलं?"

"काही नाही."

"मग त्यांना का नाही दिली शाळा?"

"पुस्तक उघडा."

कुणी उघडलं नाही. "आई म्हणते, काहीतरी केलं असणार," सोनाली म्हणाली.

अक्का उठल्या आणि पाळकांच्या खोलीत गेल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"उत्तरा वेळेवर येते. तयारी करून येते. माझ्यापेक्षा चांगलं शिकवते. त्या दिवशीही मला हे माहीत होतं."

"म्हणजे शाळा तिला द्यायची?" पाळकांनी विचारलं.

"आता एक दोषही ऐका," अक्का म्हणाल्या. "तिला सूर नाही. गाणी मीच घेणार."