चिंधी बांधलेला दोडका

"चाळीस वर्षं विटा हाताळल्या, पण एका विटेनं कधी माझं असं वाटोळं केलं नाही," मिस्त्री भुंगेऱ्यांना सांगत होता. "तुम्ही नखाएवढे, आणि जीव खाताय माझा."

भुंगेरे कशाला ऐकतात. तांबडे, चकचकीत, दोडक्याच्या पानाला भोकं पाडत निवांत बसले होते. मिस्त्रीनं घमेल्यातली राख चिमटीचिमटीनं पानांवर भुरभुरायला घेतली. दिवस नुकता वर आला होता, पानं दवानं ओली होती, राख बरी चिकटत होती. दव वाळल्यावर राख टाकली तर ती पानाला नाही, टाकणाऱ्याच्या नाकाला लागते, असं त्याची बायको म्हणायची. तिचं हे एक वाक्य त्याच्या ध्यानात राहिलं होतं. बाकीची हजार वाक्यं तिनं जेवताना सांगितली आणि ह्या गड्यानं "हं, हं" करत घासाबरोबर गिळली.

बायकोला सगळं गाव बियावाली म्हणायचं. परस ते केवढं, चार खाटा टाकल्या की भरलं. पण बाई अशी, की काठी खोचली तरी पालवेल. आणि त्यातही नाव झालं ते दोडक्यानं. वीतभर लांब, अंगानं जाड, आणि कधी म्हणून कडू निघाला नाही. कडू दोडका कसा लागतो हे त्या गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. पेऱ्याचे दिवस आले की बायका ओळीनं मागल्या दारी यायच्या, हात पुढे करायच्या, आणि ही तळहातावर पाच पाच काळ्या बिया ठेवायची. दरसाल. घरी बी धरून ठेवायची तसदी कुणी घेतली नाही. बियावाली आहे म्हटल्यावर कोण घेतो?

ती बियावाली दीड महिना अंथरुणाला खिळली आणि थंडी सुरू होता होता गेली.

बियाचा वाळका दोडका चुलीवर आढ्याला टांगलेला असायचा. धूर लागला की बियाला कीड धरत नाही. पण त्या दीड महिन्यात चूल पेटली कुठे? जेवण शेजारून यायचं. थंडी सरल्यावर मिस्त्रीनं तो दोडका खाली काढला, फोडला, तर आतून पीठच पडलं. फुंकर घालून, चाळून, निवडून धड बिया निघाल्या नऊ.

आता नऊ बियांचं काय करायचं? रात्रभर भिजवायच्या की कोरड्या लावायच्या, हे काही केल्या आठवेना. बाईनं सांगितलं होतं नक्की. म्हणून चार भिजवल्या, पाच कोरड्या लावल्या. उगवल्या तीन. पण कुठल्या कुठं लावल्या होत्या याची खूण करायला हा पठ्ठ्या विसरला, त्यामुळे तीन उगवूनही शहाणपण काही पदरात पडलं नाही.

तिन्हींतल्या दोन गोगलगायींनी एका सकाळीत फस्त केल्या. शेजारची शिंपीण कुंपणावरून बघत होती. ती म्हणाली, "मिस्त्री, त्या रांजणापाशी एक बेडूक असायचा, तो कुठं गेला?"

"फावड्यावर घेतला आणि नाल्यात टाकला. घाण नुसती."

"घाण कसली? राखणदार होता तो. बियावाली त्याच्यासाठी फुटका डेरा पालथा घालून ठेवायची, गारव्याला. गोगलगायी तोच तर खायचा."

मिस्त्री नाल्यावर जाऊन आला. नाल्यात बेडूक होते पन्नास, त्यातला आपला कोणता? बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

राहिली ती एक वेल. तिच्यासाठी त्यानं मांडव घातला तो ओळंबा लावून. चारी खांब सरळ, दोरी ताणून काटकोन पाहिलेला. शिंप्यानं विचारलं, यावर स्लॅब कधी टाकताय? शिंपीण तर पदर तोंडाला लावून हसली. मिस्त्रीही हसला. बायको गेल्यावर तो पहिल्यांदा हसला तो तेव्हा. वेल मात्र काटकोन सोडून शेजारच्या शेवग्यावर चढायला निघाली, तिला रोज हाताला धरून परत आणावं लागे.

आणि मग एका सकाळी पानांआड बोटाएवढा दोडका दिसला.

मिस्त्रीनं तिथंच बैठक मारली. त्याला बायकोचं आणखी एक वाक्य आठवलं, पहिलं फळ बियाला, मग तोंडाला. ती लाल चिंधी बांधायची देठाला. चिंधी दिसली की त्या फळाला हात लावायचा नाही, ते वेलीवरच वाळू द्यायचं. मिस्त्रीनं जुन्या उशीचा अभ्रा फाडला आणि देठाला सैल गाठ मारली. एवढा एक दोडका वाळला की शंभरेक बिया. म्हणजे बाई गेली तरी बाईचं काही गेलं नाही असं झालं असतं. खरं सांगायचं तर त्या चिंधीवर तो जगत होता. सकाळी उठून आधी ती बघायची, मग तोंड धुवायचं.

चिंधी म्हणजे काय, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात, आख्ख्या गावाला ठाऊक होतं.

पण सून काही त्या गावची नव्हती. लग्न बियावालीनंच ठरवलेलं, पण पोरगी घरात आली ती सासू गेल्यावर. नवरा ट्रकवर, पंधरवड्यातून दोन दिवस घरी. बाकी घरात ती आणि सासरा. गुणाची पोर. सासऱ्यानं सांगायच्या आत पाणी तापवायची, त्याचा चष्मा पुसून ठेवायची. दोघांचं बोलणं थोडं, पण वाकडं कधी नव्हतं.

त्या दिवशी मिस्त्रीला शाळेच्या भिंतीला तडा गेला म्हणून बघायला बोलावलं होतं. आता अंगमेहनत होत नव्हती, पण नजर अजून पक्की होती. दुपार टळल्यावर तो आला, हातपाय धुतले, पाटावर बसला आणि जेवता जेवता भिंतीचंच पुराण लावलं. पाया उथळ घेतला, वाळूत माती होती, आजकालच्या कारागिरांना लाज म्हणून नाही. सुनेनं भाजी वाढली. त्यानं खाल्ली. परत वाढली, परत खाल्ली.

"बरी झालीय," तो म्हणाला. "कशाची गं?"

"दोडक्याची, मामंजी."

"बाजारात गेली होतीस?"

"नाही. आपल्याच वेलीचा. तुम्ही चिंधी बांधून ठेवला होता ना, तोच."

मिस्त्रीनं हातातला घास ताटात ठेवला.

सून आपल्या नादात बोलत होती. "आमच्या माहेरी भाजीचा मळा आहे. आई संध्याकाळी फिरून चिंध्या बांधते. ज्याला चिंधी तो उद्या तोडायचा, म्हणजे सकाळी गड्यांचा घोळ होत नाही. मी बघत होते, तुम्ही बांधलात आणि पाच-सहा दिवस झाले तरी तोडला नाहीत. म्हटलं, विसरले असतील. अजून दोन दिवसांनी जून झाला असता." ती जरा थांबली. "विसरलात असं कुणापुढं म्हणाले नाही मी. आपला गुपचूप तोडला."

मिस्त्री उठला. हात न धुताच परसात गेला. उकिरड्यावर साली पडल्या होत्या, शेजारच्या दोन कोंबड्या तिथंच होत्या. सालींत गराचा एक तुकडा सापडला, त्यात चार बिया. पांढऱ्या, मऊ, नखानं दाबलं की पाणी होणाऱ्या. त्या त्यानं तळहातावर घेतल्या.

सून दारात आली. "मामंजी, माझं काही चुकलं का?"

"त्याचं बी धरायचं होतं," मिस्त्री म्हणाला. "तुझ्या सासूचं बी होतं ते. दुसरं नाही."

पोरगी उंबऱ्यावरच बसली. तिला रडू आवरेना. मिस्त्रीला तिच्यावर रागावायचं होतं, पण रागावणार कशाच्या जोरावर? तिच्या आईची चिंधी एक सांगत होती, ह्याच्या बायकोची दुसरं. आणि अर्धा दोडका तर त्याच्याच पोटात होता, मागून घेतलेला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं कर्मानं ताट चाटूनपुसून नेलं.

"ऊठ," तो म्हणाला. "वेल आहे अजून. दुसरा धरेल."

मग दोघं वेलीच्या मागं लागली. माहेरी मळा असल्यानं पोरीला बरंच कळत होतं. नर फुलं घोसानं येतात, मादी एकटी येते, तिच्या पाठीमागं इवलासा दोडका असतो, हे तिनंच सासऱ्याला दाखवलं. दोडक्याचं फूल उतरत्या उन्हाला उमलतं, तेव्हा नर फूल तोडून मादीला लावायचं. मिस्त्री रोज त्या वेळी पाट टाकून बसायचा. पण ऊन वाढत चाललं होतं, आणि ऊन वाढलं की वेल नुसती नर फुलं टाकते. पिवळ्या फुलांनी मांडव भरून गेला.

"काय म्हणतंय लग्न?" शिंपीण कुंपणावरून विचारायची.

"वऱ्हाड सगळं आलंय," मिस्त्री म्हणायचा, "नवरीचा पत्ता नाही."

अठरा दिवसांनी एक मादी फूल आलं. सुनेनं श्वास रोखून नर फूल त्यावर टेकवलं. चार दिवसांत ते फळ करंगळीएवढं झालं. तिनं जुन्या वर्तमानपत्राची पिशवी करून वर बांधली. चिंधी बांधायचं नाव कुणी काढलं नाही. पाचव्या दिवशी पिशवी सोडून पाहिली तर फळ पिवळं पडलेलं, आणि अंगावर टाचणीनं टोचल्यासारखा डाग. फळमाशी पिशवी बांधायच्या आधीच येऊन गेली होती. मोडून पाहिलं तर आत अळ्या वळवळत होत्या.

त्यानंतर दुसरं मादी फूल आलं, ते खारीनं खाल्लं. तिसरं आलंच नाही. वेल खालून वाळत वर चालली. दोघांनी दोन वेळा पाणी घातलं, बुडाशी पाचोळा पसरला, वर गोणपाटाची सावली केली. एक दिवस मिस्त्रीनं बुडाला हात लावला तर ते काडीसारखं मोडलं. भुंगेऱ्यांनी तोवर शेजारची काकडी धरली होती.

सून म्हणाली, "मामंजी, गावात कुणाकडं तरी असेल. एवढी वर्षं नेलं लोकांनी. मी जाते."

"मीही येतो," मिस्त्री म्हणाला.

दोघं घरोघरी फिरली. कुंभारणीनं रांजणामागची बोचकी सोडून पाहिली, त्यात भोपळ्याचं निघालं. टपालवाल्याच्या आईनं कपाळाला हात लावला. "बी? आम्ही कशाला ठेवू बाबा, तुझ्या घरी पिंप भरलेलं असताना?" लोहाराकडं एक वाळका दोडका खरंच टांगलेला होता. मिस्त्रीनं तो घाईनं खाली काढला. पण तो अंग घासायला ठेवलेला निघाला, आतलं बी कधीच झाडून टाकलेलं, नुसती जाळी. शिंपिणीला तर वाईट वाटलं. ती म्हणाली, "ती द्यायची म्हणून आम्ही आळशी झालो. तिनं एखादं वर्ष नाही म्हणायला हवं होतं." गोष्ट खरी होती, पण आता तिचा काय उपयोग?

"बाजारात पाकिटात मिळतं की," लोहार म्हणाला. "चांगलं असतं म्हणे. एवढं काय जिवाला लावून घेता?"

पावसाच्या पेऱ्याला सगळ्या गावानं पाकिटातलंच बी लावलं. मागल्या दारी कुणी आलं नाही. मिस्त्री सकाळी उठून चहा घ्यायचा आणि ओट्यावर बसून राहायचा. मांडवाचे खांब अजून ओळंब्यात होते. सून म्हणाली, आपणही लावू पाकिटातलं, तर तो नको म्हणाला नाही आणि हो पण म्हणाला नाही, म्हणून राहून गेलं.

दोन महिन्यांनी शिंपीण पदराखाली वाटी झाकून आली.

"मिस्त्री, पहिला तोडा आमच्या वेलीचा. बाजारचं बी, पण खाऊन बघा. आमच्या घरात सगळे म्हणतात, अगदी बियावालीच्यासारखाच. कडू नाही, काही नाही." वाटी ठेवून ती आणखी चार घरी सांगायला गेली. लोहार आपल्या वेलीचा खाऊन तेच म्हणाला होता, टपालवाल्याची आईही तेच म्हणाली होती.

सुनेनं ताट मांडलं. भाजी वाढली आणि समोर बसून राहिली. तिला जेवायचं सुचत नव्हतं. मिस्त्रीनं एक फोड तोंडात घातली. हळूहळू चावली. मग दुसरी घातली, डोळे मिटून. ह्या खेपेला भिंत नाही, वाळू नाही, बोलणं नाही.

"तसाच लागतो का, मामंजी?" पोरीनं विचारलं. त्या एका उत्तरासाठी ती उन्हाळ्यापासून थांबली होती.

हो म्हणावं असं त्याच्या फार मनात आलं. पोरीचा जीव तरी मोकळा झाला असता. त्यानं तिसरी फोड घेतली, जिभेवर धरून ठेवली, आठवून आठवून पाहिलं. चाळीस वर्षं खाल्लेला दोडका. आठवत होत्या त्या भिंती, कोणत्या कुठं बांधल्या त्या.

"मला नाही सांगता यायचं, पोरी," तो म्हणाला. "मी तिचा दोडका ध्यान देऊन कधी खाल्लाच नाही."

"मग कुणाला विचारायचं?"

जिला ठाऊक होतं ती चाळीस वर्षं रोज ह्याच पाटासमोर बसून सांगत होती.