शंभराला किती कमी

इमारतीत तिला सगळे थंडीताई म्हणत. तळघरातल्या संगणकांच्या यंत्रखोलीचा गारवा सांभाळणं हे तिचं काम. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर तिची भावजय प्रोग्राम लिहायची. प्रोसेसर किती तापलाय हे त्याच्या पोटातला सेन्सर सांगतो, पण त्याची बोली ऑपरेटिंग सिस्टीमला कळत नाही. मध्ये दुभाष्या लागतो, म्हणजे ड्रायव्हर नावाचा छोटासा प्रोग्राम. तो भावजयीनं लिहिला होता. थोडक्यात, एकीनं खोली गार ठेवायची आणि दुसरीनं त्याचा हिशेब ठेवायचा. नणंद-भावजयीसाठी याहून वाईट नोकरी शोधून सापडली नसती.

त्यातून घरी अबोला. आई अंथरुणाला खिळल्यापासून भावजयीकडेच होती. थंडीताई अधूनमधून यायची, आईच्या उशाशी फळं ठेवायची, औषधांच्या बाटल्या उगाच सरळ करून निघून जायची. भावजयीला वाटे, लेक असून पाहुणी झाली. थंडीताईला वाटे, ही उठता-बसता उपकार मोजते.

एका रविवारी दोघींनाही कामावर बोलावणं आलं. नवी यंत्रं बसवली होती, त्यांच्यावर ड्रायव्हर नीट चालतो का ते पाहायचं होतं, आणि थंड पाण्याच्या पंपाचा आवाज बदलला होता. सुट्टीमुळे इमारत रिकामी. फाटकावर तेवढा पहारेकरी होता. खोलीत दोघी एकमेकींकडे पाठ करून काम करत होत्या, तेवढ्यात दिवे गेले. फाटकाजवळच्या अंगणातला जनरेटर लगेच सुरू झाला आणि यंत्रं चालूच राहिली, कारण जनरेटर फक्त त्यांच्यासाठी होता. पंप मात्र थांबला आणि दाराचं विजेचं कुलूपही मेलं. वीज गेली की कुलूप उघडायला हवं होतं. ते मिटलेलंच राहिलं.

थंडीताईनं बटण दाबून पाहिलं, पान्यानं चौकट ठोकली, मग दोघींनी मिळून दार बडवलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्या दाराला जाड अस्तर होतं. तळघरात मोबाइल लागत नव्हता, आणि बाहेर जाणारी नेटवर्कची तार ज्या पेटीतून जायची ती पेटीही दाराबाहेर बंद पडली होती.

"येईल कोणीतरी," थंडीताई म्हणाली.

"कशाला येईल?" भावजय म्हणाली. "जनरेटर चालू आहे, बाहेरून बघणाऱ्याला सगळं व्यवस्थितच आहे."

खोली तापू लागली. यंत्रांचे पंखे ओरडू लागले आणि तोंडावर गरम वारा येऊ लागला. बंद करावीत तर कपाटांना जाळीची दारं, त्यांना कुलपं आणि किल्ल्या साहेबांच्या खिशात. मुख्य खटका बाहेरच्या बोळात. आतल्या पडद्यावरून बंद करण्याचा अधिकार भावजयीला नव्हता. यंत्रांवर नदीच्या पुराचं मोठं गणित कित्येक आठवडे चाललं होतं आणि साहेबांनी बजावून ठेवलं होतं की त्याला कोणी हात लावायचा नाही. तिला फक्त आपला ड्रायव्हर बदलून पुन्हा चढवता यायचा, आणि आकडे वाचता यायचे.

"किती झालंय?" थंडीताईनं विचारलं. ती जमिनीवर बसली होती, पदर ओला करायलाही पाणी नव्हतं.

"सेन्सर तापमान सांगत नाही, ताई. मर्यादेला किती अंश कमी आहेत तेवढंच सांगतो. मर्यादा शंभर. अजून बावीस बाकी आहेत."

"म्हणजे यंत्रं ठणठणीत."

"हो. त्यांना शंभरापर्यंत चालतं. आपल्याला नाही."

थंडीताई हसली, पण त्या हसण्यात दम नव्हता. तिला रक्तदाबाचा त्रास होता आणि गोळी वर पर्समध्ये राहिली होती. थोड्या वेळानं ती भिंतीला टेकून डोळे मिटून बोलू लागली. आईकडे यायला मला भीती वाटते, ती म्हणाली. एकदा तिनं मला ओळखलं नाही, तुझ्या नावानं हाक मारली. तेव्हापासून दारातूनच पाय मागे जातात. एवढे दिवस भावजयीनं मनात जी भांडणं रचली होती, त्यांतलं एकही या जागी बसत नव्हतं.

"तुम्ही सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"तू विचारलं नाहीस."

मग थंडीताईचं बोलणं अडखळू लागलं. हात गरम आणि कोरडा लागत होता. भावजय उठून पडद्यापाशी गेली. यंत्राला आपण धोक्याच्या पलीकडे तापलोय असं कळलं, तर ते कोणाला न विचारता आपणहून बंद होतं, हे तिला ठाऊक होतं. ते कळवणारा दुभाष्या तिच्या हातात होता. एक ओळ बदलायची, आणि सेन्सर काहीही म्हणो, ड्रायव्हरनं शंभराच्या वरचा आकडा सांगायचा. पण गणित अर्ध्यात तुटलं असतं, आणि आजवर तिचा एकही आकडा खोटा निघाला नव्हता. तिचे हात कळफलकावर थांबले. मागे थंडीताई आईला हाक मारत होती. भावजयीनं ओळ बदलली आणि ड्रायव्हर चढवला.

एकेक कपाट विझत गेलं. पंखे घरघरत थांबले. काळोखात दोघींचे श्वास तेवढे ऐकू येत राहिले. भावजयीनं नणंदेला दारापाशी ओढून तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि एका हातानं ओढणीनं वारा घालत दुसऱ्या हातातल्या पान्यानं दार ठोकू लागली.

वर अंगणात जनरेटरवरचा भार एकदम उतरला, तसा त्याचा आवाज हलका झाला. पहारेकरी त्याच्याच शेजारी खुर्ची टाकून बसला होता. काय बिघडलं म्हणून तो खाली अगदी दाराशी आला आणि तेव्हा कुठे त्याला दारावरची ठकठक ऐकू आली. कुलूप त्यानं लोखंडी पहारीनं उचकटलं.

थंडीताई इस्पितळातून घरी आली ती थेट भावजयीकडेच, कारण डॉक्टरांनी एकटं राहू नका म्हणून सांगितलं होतं. आईनं तिला ओळखलं नाहीच. तरी ती खाटेशी बसून राहिली.

चौकशीत साहेबांनी आधी गणिताचं विचारलं. थंडीताई मध्येच म्हणाली की त्या उष्णतेत सेन्सरच बिघडला असणार. भावजयीनं तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"सेन्सर बरोबर होता," ती म्हणाली. "खोटं मी सांगितलं."

साहेब बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत बसले. पुढच्या महिन्यात तिच्याकडून ड्रायव्हरचं काम काढून घेतलं आणि तिला त्याच मजल्यावरच्या कागदपत्रांच्या विभागात टाकलं. तिथे खिडकी होती, पण ती उघडत नसे. काम सोपं होतं, लोक भले होते, आणि महत्त्वाचं काहीही तिला कोणी विचारत नसे. संध्याकाळी दोघी एकाच बसनं घरी जायच्या. थंडीताई पंपाबद्दल बोलायची आणि भावजय काचेबाहेर बघत ऐकायची.