अर्ध्या क्रेडिटची मिरवणूक

प्लम क्रॉसिंग हायस्कूलमधून आपल्याइतकं बिनचूक आजवर कुणी ग्रॅज्युएट झालेलं नाही, असं डेला व्हॉन्ड्राचेक एप्रिलमधल्या एका मंगळवारी शाळेच्या कॅन्टीनमध्ये म्हणाली. चार टेबलं पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली आणि चिकनचा तुकडा रँच सॉसमध्ये बुडवून तोंडात टाकला. तो गिळायच्या आत तिला काउन्सेलरच्या ऑफिसातून बोलावणं आलं.

तिला वाटलं, सत्काराचं काहीतरी असेल. वाटायला कारणही होतं. आठवीत असतानाच तिने हायस्कूलच्या चारही वर्षांचे विषय ठरवून खोलीच्या भिंतीवर रंगीत कागदांनी चिकटवून टाकले होते. गणित लाल, इंग्रजी निळं, विज्ञान हिरवं. कुठल्या विषयाला किती क्रेडिट, कुठला तास कशानंतर, सगळं जागच्या जागी. पोरं काउन्सेलरकडे जाण्याआधी तिच्याकडे यायची. ती त्यांचे विषय असे पटापट लावून द्यायची, की जणू पत्ते पिसतेय. खुद्द काउन्सेलर ऑइलर सर एकदा भाचीचं टाइमटेबल घेऊन तिच्याकडे आले होते.

ऑइलर सर मऊ माणूस. वाईट बातमी द्यायची असली की आधी पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी पुढे करायचे. त्यांनी बरणी पुढे केली. डेलाने एक गोळी घेतली. ते म्हणाले, अजून एक घे. तेव्हा डेलाला कळलं, हा सत्कार नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर लुंडीन कोच बसले होते. म्हणजे खुर्ची दिसत नव्हती, पण बसले होते त्या अर्थी असणार. हे शाळेत नवीन आलेले. सगळ्या खेळांचे आणि पीटीचे मुख्य. शिट्टी गळ्यात घालूनच जन्माला आले असावेत.

प्रकरण असं होतं. ग्रॅज्युएट व्हायला बाकी सगळ्यासोबत पीटीची क्रेडिटही लागते. पण जो शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये दोन सीझन काढतो, त्याला त्यातली अर्धी माफ. फुटबॉलच्या मॅचला ढोल-तुतारी घेऊन मैदानभर कवायत करायची म्हणजे घाम निघतोच, त्यामुळे नियम काही वाईट नव्हता. डेला बँडमध्ये होती. तिने अर्धी पीटी वाचवली आणि त्या तासाला कॉलेजचं स्टॅटिस्टिक्स घेतलं. हीच तिच्या सगळ्या प्लॅनची खुबी. फक्त डेला वाजवायची मरिंबा. मरिंबा म्हणजे झायलोफोनचा धिप्पाड थोरला भाऊ, डायनिंग टेबलाएवढा, लाकडी पट्ट्यांचा. तो गळ्यात अडकवून कुणी फिरत नाही. त्यामुळे बँडमध्ये असली मोठी वाद्यं वाजवणारे मैदानाच्या कडेला उभे असतात. सगळी शाळा त्यांना कडेवाले म्हणायची.

"गेल्या सीझनच्या सगळ्या मॅचना मी हजर होतो," कोच म्हणाले. "बँड फिरत होता. तू उभी होतीस."

"मरिंबा उभं राहूनच वाजवतात, कोच."

"तेच म्हणतोय मी. नुसतं उभं राहण्याला पीटी म्हणत असते, तर माझी सासू ऑलिंपिकला गेली असती."

डेलाने नियमातला शब्द न् शब्द म्हणून दाखवला. कोचनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, नियमात 'मार्चिंग' असं लिहिलंय, ते काही शोभेला लिहिलेलं नाही. ऑइलर सरांनी तिसरी गोळी पुढे केली. नववीच्या पोरांचा पीटीचा वर्ग अर्धा होऊन गेला होता, त्यात आता शिरता येत नव्हतं. उन्हाळ्यात वर्ग होता, पण मग मे महिन्यात स्टेजवर जाऊन डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट, घेता येणार नाही, आणि लिंकन शहरातल्या कॉलेजने दिलेली सीट तर वेळेवर ग्रॅज्युएट झालीस तरच, अशी अट घालून दिलेली. अर्ध्या क्रेडिटवर सगळा डोलारा लटकला होता.

त्या दिवसापासून डेलाचा हात स्वस्थ राहीना. जेवताना काट्यांनी ताटलीवर, वर्गात पेन्सिलीने बाकावर, गाडीत बोटांनी काचेवर, टकटक टकटक. तिचा बाप डॅरेल म्हणाला, "पोरी, तुझ्यापेक्षा घरात सुतारपक्षी पाळला असता तर शांतता मिळाली असती." आई म्हणाली, तिला बोलू नकोस, तिचं डोकं ठिकाणावर नाहीये. खरं तर डॅरेलचंही नव्हतं. ग्रॅज्युएशनच्या आदल्या शनिवारी त्यांच्या घरी पार्टी होती. गावात प्रत्येकाकडे होते तशीच, गॅरेज धुऊन, टेबलं मांडून, पोरीचे पाळण्यापासूनचे फोटो बोर्डावर लावून, हॅम सँडविच आणि कोलाची. कोलाची म्हणजे मध्ये जर्दाळू नाहीतर खसखस भरलेले गोल पाव. त्यात व्हॉन्ड्राचेकांचा हात कुणी धरू शकत नसे. पण मागच्या वर्षी शेजाऱ्यांनी पार्टीसाठी गॅरेजची फरशी आरशासारखी चकचकीत करून घेतली होती, आणि तेव्हापासून डॅरेल आपल्या भेगाळलेल्या ड्राइव्हवेकडे बघून उसासे टाकायचा. या वर्षी गॅरेजपासून रस्त्यापर्यंत नवंकोरं काँक्रीट घालायचंच, असं त्याने मनाशी घेतलं होतं.

इकडे शाळेत आणखी एक भानगड उभी राहिली. बाकीच्या कडेवाल्यांनीही विषय डेलाच्याच सल्ल्याने घेतले होते. गाँग, म्हणजे भलीमोठी पितळी थाळी, वाजवणारा गस पोलमन तिला लॉकरपाशी गाठून म्हणाला, "तुझ्या भिंतीवर मी चार वर्षं विश्वास ठेवला, डेला. माझ्या आईने हॅम सांगून ठेवलंय."

"किती?"

"अख्खं डुक्कर."

शेवटी वाट काढली ती बँडच्या टॅकेट मॅडमनी. दर वर्षी मे महिन्यात गावात कोलाची डेज असतात, आणि त्यात मिरवणूक निघते. टॅकेट मॅडम म्हणाल्या, कडेवाल्यांनाही चालवू. कोचनी खूप वेळ शिट्टी चावली. मग कबूल झाले, पण अटी घातल्या. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी पार्किंगमध्ये वाद्यासकट कवायत, आणि मिरवणूक म्हणजे परीक्षा. चर्चपासून फायर स्टेशनपर्यंत, स्वतःच्या पायांनी, वाद्य सोबत. ट्रकमध्ये बसायचं नाही, मध्येच थांबायचं नाही. फायर स्टेशनच्या दारात ते स्वतः टिक करणार.

आता मरिंबाला चाकं असतात, पण ती लहानशी, ऑडिटोरियमच्या गुळगुळीत फरशीवर फिरणारी. पार्किंगच्या डांबरावर ती पहिल्याच सकाळी रुसली. तेव्हा गसच्या वडिलांनी आपल्या वेल्डिंगच्या शेडमध्ये नेऊन मरिंबाला गवत कापायच्या जुन्या यंत्राची मोठी चाकं बसवून दिली. काय मस्त पळायला लागला म्हणता. मूळच्या लहान चाकांना ब्रेक होते, ते त्या चाकांसोबतच शेडमध्ये राहिले. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पार्किंग सपाट होतं.

गसचा गाँग त्याच्या धाकट्या बहिणीच्या बाबागाडीवर चढला. रोज सकाळी कडेवाले दव पडलेल्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरायचे, आणि स्कूल बसमधून उतरणारी नववीची पोरं टाळ्या वाजवायची. डेलाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, की हे तुझ्या प्लॅनमध्ये कुठल्या रंगात आहे. ती मरिंबा ढकलत पुढे गेली. पण एक खरं, ती पीटीत पास होण्यासाठी जेवढी झुरत होती, तेवढी कॅल्क्युलससाठीही झुरली नव्हती.

मिरवणुकीचा दिवस उजाडला तो लख्ख. डॅरेलने काँक्रीटचा ट्रक बोलावायला नेमका तोच दिवस निवडला होता. त्याचा हिशोब सरळ होता. मिरवणुकीसाठी मेन स्ट्रीट बंद, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी गाडी आत घालणार नाही. सकाळी लवकर ओतलं, त्याने आणि त्याच्या मेहुण्याने फळीने ओढून ओढून असं सपाट केलं, की शेजारी कॉफीचा कप घेऊन बघायला आले आणि काही न बोलता परत गेले. डॅरेलला याहून मोठं सर्टिफिकेट नको होतं. मग तो कडेला घडीची खुर्ची टाकून, हातात पाण्याचा पाइप घेऊन, पोरं आणि मांजरं हाकलायला बसला.

मेन स्ट्रीट चर्चपासून निघते तेव्हा सपाट असते. अर्ध्यावर उतार लागतो. उतार संपतो तिथे रस्ता डावीकडे वळतो फायर स्टेशनकडे, आणि न वळता सरळ गेलं तर व्हॉन्ड्राचेकांचं घर लागतं.

सपाटीवर सगळं झकास चाललं. पुढे ट्रॅक्टर, त्यामागे उघड्या गाडीत उत्सवाची राणी, कोलाची क्वीन, मग फायर ब्रिगेडवाले गोळ्या-चॉकलेटं उधळतायत, मग बँड, आणि बँडच्या शेपटाला कडेवाले. डेला एका हाताने मरिंबा ढकलत होती, दुसऱ्या हाताने वाजवत होती. लोक तिचं नाव घेऊन ओरडत होते. कोच फुटपाथवरून बरोबरीने चालत होते. त्यांनी एकदा मान डोलावली, आणि डेलाच्या मनातली टकटक कित्येक दिवसांनी थांबली.

उतार लागला तशी मरिंबाने जरा घाई केली. डेलाने तो दोन्ही हातांनी धरला. तेवढ्यात फायर ब्रिगेडच्या एका माणसाने मूठभर टॉफी मागे भिरकावल्या, आणि एक चिमुरडी नेमकी मरिंबासमोर वेचायला वाकली. डेलाने एक हात सोडून तिला बाजूला ओढलं. दुसऱ्या हाताला एकट्याने ते झेपणारं नव्हतं.

मरिंबा निघाला. त्याने आधी क्लॅरिनेटवाल्यांना गाठलं, ते फाकले. मग ट्युबावाल्यांच्या मधून गेला. कोलाची क्वीनच्या गाडीला त्याने इतक्या अदबीने डाव्या बाजूने ओव्हरटेक केलं, की क्वीनने सवयीने हात हलवला. मागे डेला जिवाच्या आकांताने पळत होती आणि तिच्या मागे कोच. ट्रॅक्टर वळला. मरिंबा वळला नाही.

डॅरेल खुर्चीतून उठला.

"डेला, ब्रेक लाव."

"नाहीयेत!"

त्याने हातात होतं ते शस्त्र वापरलं, म्हणजे पाइपचं पाणी मारलं. मरिंबा ओला झाला. मग तो नव्या काँक्रीटवर चढला, बरोबर मध्यापर्यंत गेला, आणि म्हैस डबक्यात बसते तसा सावकाश, समाधानाने, खाली बसला.

रस्त्यावर बँड वाजतच होता. कोच धापा टाकत आले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. डेलाने त्यांच्याकडे पाहिलं. तिला ना काँक्रीट दिसत होतं, ना बापाचा चेहरा.

"कोच, मिरवणूक संपलेली नाही अजून."

"वाद्य सोबत पाहिजे," कोच म्हणाले.

"वाद्य किती पाहिजे, ते तुम्ही सांगितलेलं नाही."

आणि बापाच्या डोळ्यांदेखत ती त्या सपाट, लोण्यासारख्या काँक्रीटमध्ये घोट्यापर्यंत शिरली, मरिंबाची एक पट्टी दोरीतून सोडवली, ती काखेत धरली आणि बाहेर आली. डॅरेल एवढंच म्हणाला, की निदान आलीस त्याच पावलांवरून परत जायचं होतंस. मग ती एका सुरावर टक, टक, टक वाजवत, पायांवर वाळत चाललेलं काँक्रीट घेऊन फायर स्टेशनकडे चालायला लागली. एकेक पाऊल जड होत होतं. कोच बाजूने चालत होते. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "इतका व्यायाम माझ्या फुटबॉलच्या पोरांनी वर्षभरात केला नाही." फायर स्टेशनच्या दारात त्यांनी टिक केलं. गस आणि बाकीचे वाद्यांसकट आधीच पोचले होते. गसने तिला मिठी मारली आणि त्याच्या युनिफॉर्मलाही काँक्रीट लागलं.

घरी मात्र वेळ निघून गेली होती. मिरवणूक संपल्यावर सगळं गाव बघायला आलं. अर्ध्यांनी सल्ले दिले, अर्ध्यांनी फोटो काढले. प्रत्येक सल्ला करून बघेपर्यंत ऊन आणि वारा यांनी आपलं काम उरकलं. आता मरिंबा काढायचा तर ड्रिलने अख्खा ड्राइव्हवे फोडायला लागणार होता. डॅरेल म्हणाला, पार्टी होईपर्यंत मी याला हात लावणार नाही, कुणाला लावूही देणार नाही. पार्टीच्या दिवशी डेलाच्या आईने त्यावर पांढरा टेबलक्लॉथ घातला आणि हॅम सँडविच मांडले. शेजारी येऊन म्हणाले, हे बरं केलंत, टेबल हलत नाही.

मिरवणुकीनंतरच्या सोमवारीच डेलाने पट्टी स्वच्छ पुसून शाळेच्या ऑफिसात नेऊन दिली. तिथे प्रिबिल बाई बसतात. बाईंचा खाक्या असा, की शाळेची वस्तू परत आल्याशिवाय डिप्लोमा हातात पडत नाही, मग तुम्ही कुणीही असा. डेलाच्या भावाचा डिप्लोमा त्यांनी बीव्हर या प्राण्यावरच्या एका पुस्तकासाठी दोन आठवडे अडवला होता. बाईंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली, ठेवून घेतली आणि वहीत काहीतरी लिहिलं. डेलाने ते चांगलं लक्षण मानलं.

पार्टीच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, जिममध्ये समारंभ झाला. ऑइलर सरांनी नावं वाचली. डेलाचं नाव आलं तेव्हा डॅरेल बाकावर उभा राहून शिट्ट्या वाजवत होता आणि लुंडीन कोच पहिल्या रांगेत टाळ्या. ती स्टेजवरून चालत गेली, प्राचार्यांशी हात मिळवला, लाल फोल्डर घेतलं, फोटोसाठी हसली, जागेवर येऊन बसली आणि फोल्डर उघडलं.

आत डिप्लोमा नव्हता. प्रिबिल बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी होती. मरिंबा: जमा पट्टी एक, बाकी येणे.