सायकलच्या पुढच्या दोन बॅगा

ज्या माणसाला सायकल चालवता येत नाही, त्याने सायकलच्या दुकानात खुर्चीवर पाय पसरून बसावं आणि पुढच्या चाकाला कोणत्या बॅगा लावायच्या ते सांगावं, याला वेगळीच छाती लागते असं पद्माचं मत होतं. नीळकंठरावांकडे ती छाती होती. जन्म बारामतीतला, नोकरी बारामतीतली, सगळा मुलूख तळहातासारखा सपाट, तरी या गृहस्थांना सायकल आली नाही. लहानपणी एकदा पडले होते म्हणे. तेवढ्यावर त्यांनी विषय मिटवला आणि पुढे आयुष्यभर स्कूटरवर बसून इतरांना वळण कसं घ्यावं ते शिकवलं.

"ह्या घे," भिंतीवरच्या दोन मोठ्या निळ्या बॅगांकडे बोट दाखवत ते म्हणाले. "जागा असलेली बरी."

पद्माला हँडलवर बसणारी छोटी पिशवी हवी होती. तिच्यात रेनकोट, पंक्चरचं सामान, शेंगदाण्याचे लाडू आणि चित्रांची वही मावली की झालं. कपडे मागच्या कॅरियरवर. ती पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झाली होती. जन्मभर साहेबांच्या सहीसाठी कालव्यांचे नकाशे काढले. आता तिला हंपीची देवळं काढायची होती, कुणाचीही सही न लागणारी. ती आणि तिची खात्यातली मैत्रीण अश्लेषा, दोघीच निघणार होत्या. पहिला मुक्काम नरसिंहपूरला, मग नदी ओलांडून सोलापूर, विजापूर आणि तसंच खाली. येताना रेल्वेने.

दुकान ऋषिराजचं. पोरगा पणदऱ्याचा. घरचा ऊस कारखान्याला जात होता, त्यामुळे सायकल विकली काय आणि न विकली काय, त्याचं काही अडत नव्हतं. स्वतः तो सायकलवर मोरगावच्या पुढे गेला नव्हता, पण जगभरच्या सायकलवाल्यांचे व्हिडिओ मात्र त्याने पाठ केले होते.

"काकू, ह्या चिमट्याच्या दोनी बाजूला बसत्यात," पुढच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्यांवर हात फिरवत तो म्हणाला. "आन काढायला काय न्हाय. हितं पट्टी वर वडायची, हुक सुटला." त्याने पट्टी ओढली आणि बॅग हातात आली. "हॉटेलात जाताना नुसती उचलायची."

"वजन पुढं आलं की हँडल कुणाचं ऐकतं?" पद्माने विचारलं.

"सवय हुती की."

"तुला झाली आहे?"

ऋषिराज हसला आणि बॅगेवरची नसलेली धूळ पुसू लागला. पद्माने छोटी पिशवी घेतली. नीळकंठराव खुर्चीवरून उठताना म्हणाले, "बघ बाबा. तुझी मर्जी." या तीन-चार शब्दांचा अर्थ पद्माला लग्नापासून ठाऊक होता. मर्जी तिची नसायची.

मोठ्या बॅगांचा त्यांना एवढा पुळका का, हेही तिला ठाऊक होतं. नीळकंठराव हे गावातलं लाघवी प्रकरण. कुणाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. कुणी कुठे निघालं की "जाताच आहात तर" म्हणून हातात पुडकं ठेवायची आपल्याकडे खोडच आहे, आणि ती पुडकी हसतमुखाने स्वीकारायला नीळकंठराव सदैव दारात उभे. स्वीकारायचे ते, वाहायची पद्मा. त्यांचा सगळा उदारपणा तिच्या खांद्यावर उभा होता. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा महाबळेश्वरला गेली, तेव्हा सासूबाईंनी वाईच्या मावशींसाठी पितळेचं घंगाळ दिलं होतं. वाईपर्यंत एसटीत घंगाळ पद्माच्या मांडीवर आणि नवरा खिडकीपाशी, वारा खात. पुढे कचेरीच्या कामाने ती पुण्याला जायची तेव्हा कुणाचे चष्मे, कुणाची कवळी, कुणाच्या जावयाचे लोणच्याचे डबे. एकदा तर जिवंत कोंबडी. स्वतःची अशी एकच पिशवी घेऊन ती घराबाहेर पडली, असं तिला आठवतच नव्हतं. हंपीला तिला तसं जायचं होतं. एवढंच हवं होतं, आणि ते मागायचीसुद्धा तिला लाज वाटत होती, याचाच तिला संताप यायचा.

चार दिवसांनी ती बाजारातून आली तर अंगणात सायकल उभी, पुढच्या चाकाला नवा कॅरियर आणि दोन्ही बाजूंना त्या निळ्या बॅगा.

"भेट!" नीळकंठराव म्हणाले. चेहरा असा की बाईने आता डोळ्यांत पाणी आणायलाच हवं. "ऋषिराजला घरी बोलावून बसवून घेतल्या. छोटी पिशवी आत कपाटात ठेवली आहे, भाजीला होईल."

"मी नको म्हटलं होतं."

"अगं, मनिषाला सांगून बसलोय मी. कळस वाटेतच तर आहे."

मनिषा ही त्यांची धाकटी बहीण, कळसला दिलेली. कळस वाटेत नव्हतं. वाट वाकडी करून, मधेच उत्तरेला जाऊन, पुन्हा दक्षिणेला यावं लागणार होतं. पण ज्यांच्या पायांखाली पेडल आलं नाही, त्यांना सगळीच गावं वाटेत लागतात.

मग रांग लागली. मनिषासाठी दुरुस्त केलेलं मिक्सरचं भांडं आणि मेतकुटाचा भला मोठा डबा. शेजारचे दादासाहेब नरसिंहासाठी नारळ घेऊन आले. एक त्यांचा, एक व्याह्यांचा, एक नवसाचा. नरसिंहपूरच्या देवाला तिकडे नारळ मिळत नसावेत अशी बहुधा त्यांची समजूत होती. वरच्या मजल्यावरच्या राजनंदिनीने देवीची ओटी दिली, खण, तांदूळ, हळकुंडं, सगळं साग्रसंगीत. दूधवाली कुशाबाई तर रिकामा कॅन घेऊनच आली.

"ताई, नरसिंहपूरच्या संगमाचं पानी आना एवढं. सासऱ्याला लई आस हाय."

"मी परत त्या वाटेनं येणारच नाही, कुशाबाई. रेल्वेनं येणार आहे."

"आसू द्या की. कॅन ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. जमलं तर जमलं."

कॅन बॅगेवर बांधला गेला. बांधला अर्थात नीळकंठरावांनी, तेही दोरीला फुलासारखी गाठ मारून. पद्मा दारात उभी राहून बघत होती. नाही हा शब्द ओठांपर्यंत यायचा आणि समोरच्या माणसाच्या हातातला नारळ बघून परत फिरायचा. या सगळ्या लोकांची तिला कीव येत होती, पण सगळ्यात जास्त तिरस्कार वाटला तो स्वतःचा. साठीची बाई, कालव्याच्या उताराची चूक नजरेने पकडणारी, आणि एका रिकाम्या कॅनला नाही म्हणता येत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी भरलेल्या बॅगा लावून ती कालव्याच्या रस्त्याने सराव करायला गेली. सरळ रस्त्यावर ठीक चाललं. मग समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, गाणं लावलेलं. तिने हँडल कडेला वळवलं. हँडल वळलं, आणि वळतच राहिलं. नारळ, मेतकूट आणि मिक्सरचं भांडं, सगळे मिळून एका बाजूला निघाले आणि पद्माला बरोबर घेऊन गेले. ट्रॉलीचं मागचं चाक तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेलं. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही लागला नाही.

अश्लेषा मागून येत होती. तिने आधी पद्माला उठवलं, तिचा सोललेला गुडघा बघितला, मग सायकल उभी केली. ती उभी करताना तिला दोनदा जोर लावावा लागला.

"यात तुझं काय आहे?" तिने विचारलं.

पद्माने विचार केला. "डाव्या बॅगेत तळाशी रेनकोट आहे."

"हे घेऊन तू येणार असशील तर मी येत नाही. रागानं नाही म्हणत. मला तुला ट्रकखाली बघायचं नाही." तिने ओढणीने पद्माच्या गुडघ्यावरची माती झटकली. "उद्या सकाळी पुलावर थांबते. वाट बघेन आणि मग घरी जाईन."

पद्मा सायकल हाताने ढकलत घरी आली. नीळकंठरावांनी गुडघा बघितला, हळद आणून दिली आणि म्हणाले, "सावकाश चालवायची. वळणावर वेग कमी करायचा असतो." पद्माने हळद लावून घेतली. रेनकोट काढला. कपाटातली छोटी पिशवी काढून तिच्यात वही ठेवली. नीळकंठरावांना यातलं काही दिसलं नाही, कारण ते मनिषाशी फोनवर बोलत होते. पद्मा उद्या दुपारी जेवायलाच कळसला येते आहे, असं सांगत होते.

सकाळी निरोप द्यायला अंगणात सगळी जमली. दादासाहेब आंघोळ करून, गंध लावून आले होते, जणू नारळाबरोबर तेही निघणार होते. राजनंदिनीने ओवाळलं. कुशाबाईने कॅन जागेवर आहे का ते बघून घेतलं. नीळकंठराव फोन उंच धरून म्हणाले, "पद्मा, जरा हस. बॅगा दिसू देत."

पद्मा हसली. वाकून तिने डावीकडची पट्टी वर ओढली, हुक सुटला. उजवीकडची ओढली. ऋषिराज खोटं बोलला नव्हता, खरंच एका हाताने निघत होत्या. मग सगळा जोर लावून तिने दोन्ही बॅगा उचलल्या, नवऱ्यासमोर गेली आणि त्यांच्या एकेका हातात एकेक दिली. फोन त्यांना खिशात टाकावा लागला.

"अगं, हे काय?"

"कळसला एसटी जाते. तिथून नरसिंहपूरला कसं जायचं ते मनिषा सांगेल. देवाला माझाही नमस्कार सांगा."

"मग माझा नारळ?" दादासाहेबांनी विचारलं.

"यांच्याकडे आहे. मी नाही नेणार."

नाही म्हटलं आणि काही झालं नाही. तुळस जागेवर होती. दादासाहेब जागेवर होते. कुशाबाई कॅनकडे बघत होती, मग तिने मान वळवून नीळकंठरावांकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

पद्माने छोटी पिशवी हँडलवर अडकवली. फाटकापाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"पद्मा! अगं, केवढ्या जड आहेत या!"

ती थांबली. उत्तर तिच्याकडे तयार होतं, एक नाही, वर्षानुवर्षांची साठवलेली होती. पण तिने वळून पाहिलं तर नीळकंठराव खांदे पडलेले, गुडघे किंचित वाकलेले, खरोखर चकित होऊन हातांकडे बघत होते. त्यात नाटक नव्हतं. या माणसाला खरंच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत यातलं एकही ओझं त्याने कधी उचलून बघितलंच नव्हतं. तो दुष्ट असता तर तिला सोपं गेलं असतं.

"हो," ती म्हणाली. "जडच आहेत."

कालव्याच्या पुलावर अश्लेषा कठड्याला टेकून थांबली होती. तिने सायकलच्या पुढच्या चाकाकडे बघितलं, मग पद्माच्या चेहऱ्याकडे.

"कुठे ठेवल्यास?"

"नीळकंठला दिल्या," पद्मा म्हणाली. नवऱ्याचं नाव तिने असं उघड्यावर पहिल्यांदाच घेतलं होतं. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. तिने हँडल वळवलं, आणि ते तिला हवं होतं तेवढंच वळलं.