मिस अर्नेस्टीनच्या घरचा बुडालेला ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे, आणि खरं सांगायचं तर जरा भित्रा आहे. ज्याच्या पोटात दोन आठवडे पुराचं पाणी राहिलं, त्याला काळा ढग दिसला की धडकी भरायचीच.

न्यू ऑर्लिन्सच्या एका सुताराने मला घडवलं आणि माझ्या डोक्यावर एक झांज बसवली. माझे मालक अल्सीड मला पट्ट्याने छातीशी अडकवत. उजव्या हाताने मला बडवत आणि डाव्या हातातल्या, कपड्यांच्या हँगरच्या वाकवलेल्या तारेने झांज वाजवत. तीस वर्षं वस्तीत माझ्यावाचून पान हलत नव्हतं. लोक माझं कौतुक करत आणि मी फुगत असे.

आमच्याकडे मयतीलाही बँड लागतो. प्रेताची गाडी पुढे आणि आम्ही मागे, अगदी संथ. ठरलेल्या कोपऱ्यावर गाडी आम्हाला सोडून दफनाला निघून गेली की आमच्यात म्हणतात, प्रेत सुटलं. मगच ताल चढतो आणि सगळे छत्र्या, रुमाल उडवत नाचतात. त्याआधी एक जरी जलद ठोका पडला, तर मेलेल्याला घराबाहेर हाकलल्यासारखं होतं.

मग ते वादळ आलं आणि बांध फुटला. अल्सीड आणि त्यांची बायको, जिला सारी वस्ती मानाने मिस म्हणे त्या मिस अर्नेस्टीन, यांना बसमध्ये घालून ह्यूस्टनला नेलं. तिथे अल्सीड यांचा भाचा लायनेल ट्रक चालवत असे, त्याने त्यांना ठेवून घेतलं. मी इथे कपाटासोबत तरंगत राहिलो. पुढे कोणीतरी मला रस्त्याच्या कडेला, सडलेल्या फ्रिजच्या ओळीत टाकून दिलं. कचऱ्याची गाडी आली की माझा जीव टांगणीला लागायचा.

सहा महिन्यांनी अल्सीड ह्यूस्टनलाच वारले. मिस अर्नेस्टीन हट्टाला पेटल्या, पुरायचं ते घरीच. लायनेल त्यांना आणि शवपेटीला घेऊन आला आणि त्याच दिवशी त्यांनी मला फ्रिजशेजारी ओळखलं. लायनेलने नवं कातडं चढवलं, पण लाकूड फुगलेलं. माझा आवाज बसला तो बसलाच.

त्या आठवड्यात पेपरात शहराचा नकाशा आला होता. आमच्या गल्लीवर हिरवं वर्तुळ होतं. परतलेली माणसं पुरेशी दिसली नाहीत तर म्हणे घरं पाडून इथे बाग करणार. मिस अर्नेस्टीन तो कागद पर्समध्ये घेऊन फिरत. झोपेतही त्यांचा हात पर्सवर असे. लायनेल म्हणे, शनिवारी मयत उरकली की आपण ह्यूस्टनला निघू, इथे उरलंय काय? त्यावर त्या पर्स उघडून तो कागद पुन्हा बघत, आणि मला त्याचीच भीती वाटे.

शनिवारी नेमके वॉशिंग्टनहून एक बडे नेते आमच्या कोपऱ्यावर भाषणाला आले. निवडणूक जवळ आली होती. मंच, दिवे, कॅमेरे, सगळा थाट. आमची मयत तिथूनच जायची होती. बँडमधले चौघेच परतले होते. मी लायनेलच्या छातीवर होतो. नेत्यांचा एक मदतनीस धावत आला. म्हणाला, सारा देश बघतोय, जरा आनंदाचं वाजवा, शहर उभं राहतंय असं दिसू द्या.

लायनेल वर्षानुवर्षं बाहेर राहिलेला. तो गोंधळला आणि त्याने टिपरू झपकन वर उचललं. तेवढ्यात मिस अर्नेस्टीनने माझ्या कातड्यावर तळहात ठेवला.

"थांब बाळा. तुझे मामा अजून गाडीत आहेत," त्या म्हणाल्या. मग मदतनिसाकडे वळून म्हणाल्या, "साहेब, आमच्यात आधी रडून होतं, मग नाचतात. पाणी चढलं तेव्हा तुम्हाला घाई नव्हती, आता कसली आली?"

आम्ही मंचासमोरून संथच गेलो. नेत्यांनी टोपी काढली. काय करावं हे त्यांनाही कळेना. पुढच्या कोपऱ्यावर गाडी निघून गेली. मिस अर्नेस्टीनने मान हलवली आणि लायनेलने मला असं बडवलं की फुगलेलं लाकूडही बोललं. पडक्या घरांतून, सरकारने दिलेल्या ट्रेलरच्या तात्पुरत्या घरांतून माणसं बाहेर आली. एवढी माणसं परतली आहेत हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी लायनेल मला ट्रककडे घेऊन निघाला. मी देवाचा धावा करत होतो. ट्रकपाशी त्याने हत्यारांचा डबा उघडला. मग हातोडी घेऊन पडक्या घरात परत आला.

"मामी, हा ढोल कुठे अडकवायचा?"

"भिंती कुठे आहेत रे?"

"एक खांब तरी आहे ना."

त्याने त्या खांबाला खिळा ठोकला.

मित्रांनो, ते हिरवं वर्तुळ अजून पुसलेलं नाही आणि ढग आले की मी अजून घाबरतो. पण तुमच्या गावावर कोणी असं वर्तुळ काढलं, तर तुम्हीही आधी एक खिळा ठोका. टांगायला काहीतरी सापडतंच.